‘अनिवार्य’ आणि ‘ऐच्छिक’ : माहितीपत्रकाच्या परिभाषेचा विचार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदवी-अभ्यासक्रमाची जी चौकट ठरविली, तीत मुख्य विषयासोबत खुले ऐच्छिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे अनेक गट आहेत. प्रथम वर्षाचा विद्यार्थी येथे गोंधळला की त्याच्या अनवधानावर खापर फोडले जाते. आमच्या मते दोष परिभाषेचा आहे. ‘अनिवार्य’ व ‘ऐच्छिक’ हे शब्द मराठीत परस्परविरोधी आहेत. या चौकटीत मात्र ऐच्छिक गटाचे श्रेयांक मिळविणेही अनिवार्यच होय. इच्छेला वाव आहे तो गटातील विषय निवडण्यापुरता. गट टाळण्याची मुभा नाही. हा भेद न उमगता जो विद्यार्थी शब्दावर विसंबून ऐच्छिक विषय सोडून देईल, त्याचे श्रेयांक उणे पडतील.

वेळापत्रक हा गोंधळ वाढविते. निवडलेल्या विषयाची तासिका मुख्य विषयाच्याच वेळी आली, की निवड नावापुरती उरते. म्हणून माहितीपत्रकात प्रत्येक गटापुढे ‘घेणे अनिवार्य, निवड ऐच्छिक’ असे स्पष्ट लिहावे, आणि विषयांची यादी वेळापत्रकाशी ताडून पाहिल्यावरच प्रसिद्ध करावी. परिभाषेची ही जबाबदारी प्रथमतः भाषा-विभागांचीच आहे.