दुभंगलेला माणूस: मराठी गूढकथा आणि खानदेश

एकाच देहात दोन माणसे नांदतात आणि त्यांतला एक दुसऱ्याला लपवत असतो, या कल्पनेवर भयसाहित्य दोन शतके पोसले गेले आहे. होरेस वॉलपोलच्या ‘कॅसल ऑफ ओट्रांटो’पासून (१७६४) युरोपात या साहित्याची सुरुवात मानतात. तेव्हा भीती किल्ल्यात, तळघरात आणि घराण्याच्या शापात होती. पुढे ती माणसाच्या आत शिरली. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेला जीव एकमेकांचा नाश करतात. एडगर ॲलन पोच्या ‘विल्यम विल्सन’मध्ये (१८३९) नायक आपल्याच प्रतिरूपावर वार करतो आणि त्या वाराने स्वतः संपतो. स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाइड यांच्या कथेत (१८८६) प्रतिष्ठित डॉक्टर औषधाच्या जोरावर आपल्यातली दुष्ट वासना वेगळी काढतो. ती वेगळी झाल्यावर तिला आवरणारे कोणी उरत नाही. आपला दुष्टपणा आपल्यापासून तोडून टाकता येतो, हा समजच डॉक्टरला बुडवतो.

दुष्टपणा येतो कुठून, या प्रश्नाचे एक तयार उत्तर मराठी भयकथेला परंपरेने दिले होते. माणूस विपरीत वागू लागला, की त्याला बाहेरची बाधा झाली, करणी झाली, कोणाची नजर लागली असे म्हणायचे आणि मांत्रिकाला किंवा भगताला बोलवायचे. या समजुतीत दुभंगलेपणाची जाणीव आहे, पण त्याची जबाबदारी कोणा दुसऱ्यावर आहे. म्हणून मराठी गूढकथेची वाटचाल तपासताना एक कसोटी उपयोगी पडते: दुष्टपणा नेमका कुठे राहतो, असे ही कथा मानते?

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्यांच्या ‘समर्थ’ कथांत अमानवी शक्ती बाहेरून चालून येते आणि तिच्याशी तितक्याच सामर्थ्याचा सत्पुरुष झुंजतो. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेल्या ‘लुचाई’तही अमंगलाचे आगमन बाहेरूनच होते. वातावरण उभे करण्यात आणि भीती पायरीपायरीने चढवत नेण्यात धारपांचा हात सहज चालतो. मात्र सत् आणि असत् यांची अशी स्वच्छ फाळणी झाली, की पात्राला स्वतःकडे संशयाने पाहावे लागत नाही आणि वाचकालाही ते टाळता येते.

चिं. त्र्यं. खानोलकर यांनी ही फाळणी मोडली. ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) आणि ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्यांत कोकणातला निसर्ग, देवभोळेपणा आणि कामवासना एकमेकांत गुंतलेली आहेत. दैवी कृपा लाभल्याची ज्याची श्रद्धा आहे, त्याच्याच हातून अनर्थ घडतो. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ ही कथा याहून पुढे जाते. वाटसरूला मठात आदराने नेले जाते आणि त्याची पूजा व्हावी म्हणूनच त्याला भूमिगत कोठडीत कायमचे कोंडले जाते. इथे कोणीही राक्षस नाही. कोंडणारा नम्र आणि श्रद्धाळू आहे, आणि त्याच्या नम्रतेपासून त्याचे क्रौर्य वेगळे काढता येत नाही. युरोपीय भयकथेतले तळघर जी. एं.नी पूर्णपणे भारतीय मठात आणले.

शहरी मध्यमवर्गाच्या घरात ही भीती नेऊन बसवण्याचे काम रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी केले. त्यांच्या गूढकथांत अतिमानवी घटना असतातच, पण पात्राच्या मनातला अपराध तिला वाट करून देतो. स्वतःच्याच कथेवर त्यांनी केलेल्या ‘इन्व्हेस्टमेंट’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात भूत नाही. वर्गातील मुलीच्या खुनाचा आरोप आलेला शाळकरी मुलगा आणि त्याला वाचवण्यासाठी सत्य दडपणारे त्याचे सुशिक्षित आईवडील एवढ्यावर मतकरी भय उभे करतात. प्रेमळ पालक आणि गुन्ह्याचे साथीदार या दोन भूमिका एकाच घरात, एकाच व्यक्तीत नांदतात.

रंगभूमीवर याच प्रश्नाचे वेगळे रूप आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये (१९६२) दिसते. प्रभाकर पणशीकरांनी साकारलेला लखोबा लोखंडे वेगवेगळी नावे आणि वेश घेऊन स्त्रियांना फसवतो आणि न्यायालयात स्वतःची ओळखच नाकारतो. अलीकडे धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाने हस्तर या राक्षसापेक्षा विनायकच्या आणि त्याच्या मुलाच्या लोभाला अधिक भयंकर ठरवले.

खानदेशाने भयकथेचा मोठा लेखक दिला असे म्हणता येणार नाही. पण दुभंगलेल्या मनाविषयीचे एक महत्त्वाचे काव्य इथलेच आहे. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी ‘मन वढाय वढाय’मध्ये खानदेशी बोलीत मनाची अनावरता मांडली. साप-विंचवाच्या विषावर मंत्राचा उतारा आहे, मनाच्या विषावर नाही, असा त्या गीताचा रोख आहे. मंत्रतंत्रावर विश्वास असलेल्या समाजात राहून, लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी स्त्रीने विषाचे मूळ माणसाच्या आत दाखवले. धरणगावचे बालकवी ठोंबरे (१८९०–१९१८) यांच्या कवितेतही हा दुभंग आहे. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्या कवीनेच ‘पारवा’ लिहिली. तिच्यातली पडकी वास्तू आणि अकारण खिन्नता भयसाहित्याच्या अगदी जवळची आहे. जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) निवेदक स्वतःच्याच गतायुष्याकडे परक्यासारखा पाहतो; तिथे भय नाही, पण स्वतःपासून तुटल्याची जाणीव तीव्र आहे.

याच प्रदेशात दुष्टपणा बाहेर ढकलण्याची किंमत प्रत्यक्ष माणसांनी मोजली आहे. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांच्या सातपुडा पट्ट्यात डाकीण ठरवण्याची प्रथा आहे. मूल दगावते, गुरे मरतात, आजार हटत नाही. मग भगत बोट दाखवतो आणि गावातली एखादी स्त्री दोषी ठरते. अनेकदा ती विधवा किंवा एकटी असते आणि तिच्या वाट्याच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो. मारहाण, बहिष्कार आणि खून इथपर्यंत प्रकरणे जातात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने करणीचा आरोप ठेवून छळ करणे गुन्हा ठरवले. साहित्याच्या दृष्टीने पाहता, जेकिलने औषधाने जे केले तेच गाव इथे आरोपाने करते: आपल्यातला लोभ, मत्सर आणि भीती दुसऱ्याच्या देहात घालून स्वतः निर्दोष राहते. हा दोष केवळ डोंगरातल्या वस्त्यांचा नाही. ‘इन्व्हेस्टमेंट’मधले शहरी आईवडीलही आपले निर्दोषत्व असेच जपतात.

मराठी गूढकथेने वातावरण, धक्का आणि रहस्य यांवर चांगली हुकूमत मिळवली आहे. नैतिक दुभंगाच्या बाबतीत तिची कामगिरी असमान आहे. खानोलकर, जी. ए. आणि मतकरी यांनी दुष्टपणा माणसाच्या आत शोधला, तेव्हा ती श्रेष्ठ ठरली; मांत्रिक आणि भूत यांच्या झुंजीवर ती थांबली, तिथे करमणुकीच्या पुढे गेली नाही. डाकीण म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते तिची कथा लिहिली जायला हवीच. पण बोट दाखवणाऱ्याच्या मनाची कथा अधिक अवघड आणि अधिक गरजेची आहे. अहिराणी, भिली, पावरी आणि प्रमाण मराठीत लिहिणाऱ्या खानदेशी लेखकांनी ती हाती घ्यावी.