छत्रीवाल्याचे घर

झोलाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा 'नाना'पाशी सुरू होते आणि 'जर्मिनाल'पाशी संपते. १८८३ साली प्रसिद्ध झालेली त्याची 'ओ बोनर दे दाम' ही कादंबरी त्या मानाने मागे राहिली. नावाचा अर्थ 'स्त्रियांचे सौख्य' असा काहीसा. पण ते नाव आहे पॅरिसमधील एका अवाढव्य कापडदुकानाचे. प्रथम वाचली तेव्हा तिच्यातील प्रेमकथेने मी कंटाळून गेलो होतो. ह्या वर्षी ती पुन्हा हाती घेतली, त्याला कारण साहित्याबाहेरचे घडले. 'बुटीक' म्हणवणाऱ्या लहान दुकानांचे, आणि त्यांनी शहरांच्या जुन्या पेठांना दिलेल्या नव्या जीवनाचे कौतुक हल्ली फार कानांवर येते. काळा घोड्याच्या बाजूला एखाद्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हातमागाच्या कपड्यांचे दुकान निघते, त्याच्या शेजारी दुसरे निघते, आणि मॉलने मारलेला रस्ता बुटीकने जगवला, असा लेख रविवारच्या पुरवणीत येतो. असे लेख वाचताना मला दर वेळी झोलाचा छत्रीवाला बूरास आठवतो. हा मनुष्य छत्र्यांच्या मुठी हाताने कोरतो, आणि चहू बाजूंनी वाढत येणाऱ्या त्या महादुकानाला आपली मोडकी जागा देत नाही.

कादंबरीची हकीकत थोडक्यात सांगावी लागेल. देनीज ही पोरकी मुलगी दोन भावांना घेऊन खेड्याकडून पॅरिसला काका बोद्यू यांच्याकडे येते. काकांचे कापडाचे दुकान अंधारे, ठेंगण्या छताचे, ओल आलेले. दुकानाची रीत अशी की जुन्या कारकुनाने मालकाची मुलगी करावी आणि दुकान चालवावे. कित्येक पिढ्या ते असेच चालत आले. समोरच ऑक्ताव्ह मूरेचे 'सौख्य' दिव्यांनी झगमगत असते. मुलीला पोसणे काकांना झेपत नाही, तेव्हा ती त्या समोरच्या दुकानातच नोकरीला लागते. पुढे एकेक लहान दुकान बुडते. बोद्यूंच्या मुलीचा वाग्दत्त वर समोरच्या दुकानातील एका पोरीच्या नादी लागतो आणि ती मुलगी झुरून मरते. रोबिनो नावाचा रेशीमवाला मूरेशी भावाची स्पर्धा करून धुळीला मिळतो आणि घोड्यांच्या ऑम्निबसखाली स्वतःला झोकून देतो. मरत मात्र नाही, पाय मोडून घेतो. बूरासचे घर शेवटी पाडले जाते. देनीज मूरेशी लग्न करते.

ही जुळणी फार सोयीची आहे, हे कबूल केले पाहिजे. दुकानदार जणू रांग लावून बुडतात, आणि बोद्यूच्या मुलीच्या अंत्ययात्रेला ते सगळे एकत्र येतात तेव्हा लेखकाने त्यांना बोलावून घेतले आहे असे वाटते. पण झोला जेव्हा कापडाजवळ जातो तेव्हा त्याची सारी शक्ती जागी होते. रेशमाचे ढीग, लेसच्या राशी आणि शेवटी पांढऱ्या कापडांचा तो प्रचंड सेल! ही वर्णने लिहिताना त्याला शेपटीची पर्वा राहत नाही. १८८२ साली तो स्वतः पॅरिसच्या 'बाँ मार्शे' आणि 'लूव्हर' या दुकानांत हिंडून वह्या भरून टिपणे घेत होता. मूरेच्या युक्त्या सगळ्या त्या टिपणांतून आल्या: वस्तूवर किंमत लिहायची, घासाघीस बंद, न आवडलेला माल परत घ्यायचा, एक वस्तू तोट्यात विकून दहा वस्तूंकडे गिऱ्हाईक ओढायचे, आणि एकमेकांशी संबंध असलेले विभाग मुद्दाम लांब लांब ठेवायचे, म्हणजे बाईला दोरा आणि अस्तर घेण्यासाठी सारे दुकान पालथे घालावे लागेल. आजच्या कोणत्याही मॉलमध्ये सरकत्या जिन्यांची रचना पाहा, मूरे तेथे उभा दिसेल.

मला खटकते ते वेगळेच. लहान दुकानांचे मरण हा झोला निसर्गाचा नियम मानतो. मोठा मासा लहान माशाला गिळणारच. देनीज रात्र रात्र रडते, पण तिलाही हेच पटलेले आहे. डार्विनची छाया त्या काळावर दाट होती, तेव्हा ह्यात नवल नाही. पण कादंबरीकार झोलाने जे पाहिले ते विचारवंत झोलाच्या ह्या नियमाला छेद देणारे आहे. मूरे केवळ आपल्या हुशारीने वाढत नाही. पॅरिसमध्ये तेव्हा जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले जात होते. अशाच एका नव्या रस्त्याच्या जमिनी आर्तमान नावाच्या बॅरनच्या बँकेकडे आहेत. मूरेला त्या रस्त्यावर दर्शनी बाजू हवी आहे. आपल्या प्रेयसीच्या दिवाणखान्यात तो ह्या बॅरनला गाठतो. ती बाई पूर्वी बॅरनची असते, हा झोलाचा खास चावटपणा. बॅरनच्या मनात तेथे हॉटेल बांधायचे असते. शेवटी जमीन बँकेची आणि दुकान मूरेचे असा सौदा जमतो. बोद्यू, रोबिनो, बूरास यांचे भवितव्य त्या दिवाणखान्यात ठरते; पुढची पाने म्हणजे त्या ठरावाची अंमलबजावणी आहे. मूरेची पहिली पत्नी, दुकानाची मूळ मालकीण, वाढीव बांधकामाच्या खड्ड्यात पडून गेली, हेही झोला सांगून ठेवतो. जमिनीचे महत्त्व त्याच्या हाताला कळले होते, नियम सांगणाऱ्या तोंडाला कळले नाही. आर्तमान चारदोन प्रसंगांत येतो, गोड बोलतो आणि जातो. आणि वाचक मूरेलाच नायक समजून पुस्तक मिटतो.

झोलाचा नियम खरा असता तर लहान दुकान पुन्हा उभे राहायला नको होते. ते उभे राहिले, आणि तेही अशा नावाने की गंमत वाटावी. 'बुटीक' म्हणजे फ्रेंच भाषेत साधे दुकान. बोद्यूचे होते तसले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोठार. (आपल्याकडे डोंबिवलीत किंवा सदाशिव पेठेत दोन शिलाई यंत्रे, एक आरसा आणि 'फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी असली की तिच्यावर 'बुटीक' असतेच. मला वाटते, शब्दाच्या जुन्या अर्थाशी त्या बाईच जास्त प्रामाणिक आहेत.) १९५५ साली मेरी क्वांटने लंडनच्या किंग्ज रोडवर 'बझार' उघडले. घाऊक कापड कोठे मिळते हे तिला ठाऊक नव्हते. म्हणून सुरुवातीला ती हॅरड्सच्या महादुकानातून किरकोळ भावाने कापड आणी आणि त्याचे कपडे शिवून विकी. मूरेच्या वारसाकडून कापड घेऊन बोद्यूच्या वारसाने दुकान मांडावे, ही गोष्ट झोलाला कल्पिता आली नसती.

ह्याहून बोलका वृत्तान्त 'बीबा'चा आहे. (आपल्याकडे त्याच नावाची जी कपड्यांची कंपनी आहे तिचा ह्याच्याशी संबंध नाही.) बार्बरा हुलानिकी आणि तिचा नवरा यांनी १९६३ साली टपालाने कपडे विकायला सुरुवात केली. १९६४ साली 'डेली मिरर'मध्ये त्यांच्या एका गुलाबी चौकड्यांच्या झग्याचे चित्र आले आणि सुमारे १७,००० मागण्या आल्या. त्याच वर्षी त्यांनी केन्सिंग्टनमधील ॲबिंग्डन रोडवर एका बंद औषधदुकानात कपडे टांगले. आत अंधार, कपडे लाकडी टोपी-खुंट्यांवर लटकवलेले, संगीत चालू, आणि किंमती अशा की टायपिस्ट मुलीला आठवड्याच्या पगारात झगा घेता यावा. येथे मला बोद्यूचे दुकान आठवल्याशिवाय राहत नाही. बोद्यूचा अंधार गिऱ्हाइकाला पळवून लावी. बीबाच्या अंधारासाठी गिऱ्हाईक रांग लावून उभे. मधल्या शंभर वर्षांत उजेड इतका स्वस्त झाला होता की अंधार हीच चैन ठरली. म्हणजे परत आलेले लहान दुकान हे मेलेल्या लहान दुकानाचे पुनरागमन नव्हते. बोद्यू फ्लॅनेल विकी, कारण लोकांना थंडी वाजे. बीबा इच्छा विकी, आणि इच्छा कशी उत्पन्न करावी हे मूरेने जगाला शिकवून ठेवले होते. ह्यात मी बीबाला कमी लेखत नाही. श्रीमंत बायकांची फॅशन पोटापुरते कमावणाऱ्या मुलींच्या हाती तिने दिली, ही लहान गोष्ट नव्हे.

पुढचे मात्र झोलाने लिहायला हवे होते. दुकान वाढले, एका जागेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गेले. १९६९ साली 'डोरोथी पर्किन्स' ह्या साखळी दुकानांच्या कंपनीने त्यातला मोठा हिस्सा घेतला. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर 'डेरी अँड टॉम्स' ह्या महादुकानाची सात मजली इमारत होती. छतावर बाग, बागेत फ्लेमिंगो पक्षी. ते महादुकान १९७३ साली मिटले आणि त्याच वर्षी त्या सातही मजल्यांवर बीबा थाटात उघडली. बूरासने 'सौख्य' विकत घ्यावे तसा हा प्रकार! पण त्याच वर्षी डोरोथी पर्किन्सच 'ब्रिटिश लँड' ह्या जमीनजुमल्याच्या कंपनीच्या ताब्यात गेली. मंदी आली, जमिनीचे भाव कोसळले. बीबाचा खर्च बेसुमार होता, लोक पाहायला येत आणि न घेता जात, चोऱ्याही होत. हे सगळे खरे. तरी दुकान चालवायचे की मिटवायचे हा निर्णय कपडे शिवणाऱ्यांच्या हाती उरला नव्हता. १९७५ साली ते बंद झाले. फ्लेमिंगो पक्षी छतावर राहिले, खाली दुसरी मोठी दुकाने आली.

आर्तमान ह्या खेपेस दिवाणखान्यात आला नाही, समभागांच्या वाटेने आला, एवढाच फरक.

जेन जेकब्ज ह्या विदुषीने अमेरिकन शहरांवरील आपल्या १९६१ च्या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवून दिली. नव्या इमारतीचे भाडे नवी कल्पना घेऊन आलेल्या माणसाला परवडत नाही. त्याला जुनी, थोडी पडकी, बांधणीचा खर्च केव्हाच फिटलेली इमारत लागते. म्हणून जुन्या इमारती नाहीशा झालेल्या रस्त्यावर नवे धंदे उगवत नाहीत. बंद औषधदुकान मिळाले म्हणून बीबा जन्मली. पण अशी चार दुकाने गाजली की रस्ता गाजतो, आणि रस्ता गाजला की पुढच्या करारात भाडे वाढते. मग ज्यांनी रस्ता गाजवला ते निघून जातात. पुरवणीतील कौतुकाचे लेख ह्या कथेचे पहिले प्रकरण तेवढे वाचतात. त्यांचा सगळा राग मॉलवर आणि आता मोबाइलवरच्या खरेदीवर असतो, म्हणजे पुन्हा मूरेवरच. भाडेकराराचा कागद कोणी मागवून पाहत नाही.

मुंबईकराला ही गोष्ट खरे तर चटकन कळावी. गिरगाव, काळबादेवी, दादर येथील जुनी कापडदुकाने टिकली ती गिऱ्हाइकांच्या जिव्हाळ्याने, असे आपण प्रेमाने म्हणतो. जिव्हाळा असेल, पण त्याखाली १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा होता आणि पागडी होती. १९९९ च्या कायद्यानेही ते संरक्षण लहान भाडेकरूला ठेवले आणि बँका व एक कोटी किंवा अधिक भरणा-भांडवलाच्या कंपन्या यांचे काढून घेतले. बूरासला असा कायदा मिळाला असता तर तो मुठी कोरीत म्हातारा झाला असता. ह्या कायद्याचे गोडवे गायचे मला कारण नाही. ज्या भाड्यात जिन्याला चुना लागत नाही त्या भाड्यात मालक इमारत कशाला दुरुस्त करील? बोद्यूच्या छताची ओल आपल्या चाळींच्या छतांना आली ती ह्यातूनच. उलट बाजूला, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागांवर जे उभे राहिले त्यांतील एका मॉलने कित्येक वर्षे 'हाय स्ट्रीट फीनिक्स' असे नाव लावले होते. 'हाय स्ट्रीट' म्हणजे इंग्रजांच्या गावातील मुख्य पेठेचा रस्ता. गिरणीच्या कुंपणाच्या आत त्या रस्त्याचे नाव तेवढे नेऊन ठेवले.

गिरगावात माझ्या नेहमीच्या माहितीचे एक कापडदुकान आहे. तिसऱ्या पिढीचे मालक गादीवर बसतात, ठाण उलगडून मांडीवर घेतात आणि कापड चुरगाळून दाखवतात. "अहो, भाडं बाजाराचं असतं ना, तर माझ्या वडिलांनीच कुलूप लावलं असतं," असे ते एकदा सहज म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी इमारत पुनर्विकासाला गेली. परवा दिवाळीसाठी परकराचे कापड घ्यायला गेलो तेव्हा ते मागच्या गल्लीतील एका भाड्याच्या गाळ्यात होते. जुनी पाटी गोणपाटात गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. नव्या इमारतीत तळमजल्यावर जागा मिळणार, हे कागदावर आहे. रस्त्याच्या बाजूची की अंगणाच्या, असे मी विचारले. ते कापड वारावर मोजत होते, मोजून झाल्यावर म्हणाले, "ते अजून ठरायचंय."