हरित गंधक जिवाणूंचा 'अँटेना' : एका उपमेची चिकित्सा
(शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भासह)

प्रस्तावना :
मुळा-मुठेचे पाणी शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते व तेथून भीमा दौंडच्या दिशेने वाहते. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन येणाऱ्या ह्या प्रवाहाच्या साचलेल्या डोहातील काळा गाळ उन्हाळ्यात ढवळला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा होय. प्रदूषणाची खूण म्हणून त्याची नोंद होते आणि विषय तेथेच संपतो. परंतु जेथे सल्फाइड आहे, प्राणवायू नाही आणि मंद प्रकाश मात्र पोहोचतो, तेथे हरित गंधक जिवाणूंना जगता येते. हे जिवाणू पाण्याऐवजी सल्फाइडपासून इलेक्ट्रॉन घेतात व प्राणवायू सोडत नाहीत. व्हॅन नील यांनी १९३१ मध्येच ह्या प्रक्रियेची मांडणी केली होती. तरीही 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे प्राणवायूची निर्मिती' हे समीकरण वर्गातून अद्याप हटलेले नाही.

उपमा व वास्तव :
मंद प्रकाशात जगण्याचे ह्या जिवाणूंचे साधन म्हणजे क्लोरोझोम. कोहेन-बाझीर, फेनिग व कुनिसावा यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे वर्णन केले. सुमारे १०० ते २०० नॅनोमीटर लांबीच्या ह्या पिशवीत बॅक्टेरिओक्लोरोफिलचे दोन लाखांपर्यंत रेणू असतात. वनस्पतींमध्ये हरितद्रव्याचे रेणू प्रथिनांच्या चौकटीत बसविलेले असतात; येथे ते प्रथिनाच्या आधाराविना, एकमेकांना धरूनच रचले जातात. ग्रहण केलेली ऊर्जा तळपट्टीतून एफएमओ ह्या प्रथिनाकडे व तेथून अभिक्रिया केंद्राकडे जाते.

ह्या सर्व रचनेस 'अँटेना' म्हणण्याची प्रथा आहे. घराच्या छपरावरील अँटेना आलेला संदेश निमूटपणे पुढे पाठविते. क्लोरोझोम तसा निमूट नाही. प्राणवायूचा संपर्क येताच त्यातील क्विनोन रेणू ऊर्जा मध्येच शमवितात आणि अभिक्रिया केंद्राकडील वहन घटते. प्राणवायूच्या सान्निध्यात होणारी इजा त्यामुळे टळते. ग्रहणाबरोबरच नियंत्रणही करणाऱ्या रचनेस केवळ ग्राहक ठरविणे ही ह्या उपमेची उणीव होय.

रचनेच्या ज्ञानाचीही एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. एकात एक बसविलेल्या नळ्यांचे प्रसिद्ध चित्र २००९ मधील गणपथी व सहकाऱ्यांच्या संशोधनातून आले. पण ते मुख्यतः तीन जनुके निकामी केलेल्या उत्परिवर्तित जिवाणूवर आधारलेले आहे. नैसर्गिक क्लोरोझोम त्याहून बराच अव्यवस्थित असतो. पाठ्यपुस्तकात छापण्यास सोयीचे चित्र म्हणजे निसर्गातील सर्वसाधारण चित्र नव्हे.

एफएमओचे प्रकरण :
सर्वांत मोठी अतिशयोक्ती मात्र एफएमओ प्रथिनाबाबत झाली. फेना व मॅथ्यूज यांनी १९७५ मध्ये ह्या प्रथिनाची स्फटिकरचना उलगडली असल्याने अभ्यासासाठी ते हाताशी होते. २००७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात फ्लेमिंग यांच्या गटाने ७७ केल्विन तापमानास त्यात दीर्घकाळ टिकणारे स्पंद आढळल्याचे व ती पुंज-सुसंगती असल्याचे प्रतिपादन केले. ह्या निष्कर्षाला अफाट लोकप्रियता लाभली. जिवाणू जणू पुंजसंगणक चालवितो असे लिहिले जाऊ लागले. पुढे २०१७ मध्ये दुआन, मिलर, थोरवार्ट व सहकाऱ्यांनी सामान्य तापमानास इलेक्ट्रॉनी सुसंगती सुमारे ६० फेम्टोसेकंदांतच विरते असे दाखविले. २०२० च्या 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मधील समीक्षालेखाने ते दीर्घ स्पंद मुख्यतः रेणूंच्या कंपनांचे असल्याचा निर्वाळा दिला. पुंजयामिकी येथे नाहीच, असा ह्याचा अर्थ नव्हे. रेणूंमध्ये वाटून गेलेली उद्दीपित अवस्था ही पुंजयामिकीचीच बाब आहे. कोसळला तो फक्त 'सुसंगतीमुळेच कार्यक्षमता' हा दावा. विशेष म्हणजे मूळ शोधाला मिळालेल्या प्रसिद्धीच्या तुलनेत ही दुरुस्ती फारच थोड्या व्याख्यानांत पोहोचली आहे.

प्रयोगशाळेतील अडचण :
शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांना हा विषय परका नाही. भीमेचा किंवा घोडनदीचा गाळ, थोडे कॅल्शियम सल्फेट, कागदाचे तुकडे आणि खिडकीजवळ ठेवलेली काचेची उभी नळी एवढ्यावर विनोग्राड्स्की स्तंभ तयार होतो. काही आठवड्यांनी त्यात हिरवे थर दिसू लागतात आणि नेमकी येथेच गफलत होते. पृष्ठभागाजवळचा हिरवा थर शैवाल वा सायनोबॅक्टेरियांचा असतो. हरित गंधक जिवाणू जांभळ्या थराच्या खाली, सल्फाइडच्या अधिक जवळ असतात.

ओळख पटविण्यासाठी सवयीनुसार रंगद्रव्य मिथेनॉलमध्ये उतरवून घेतले जाते. परंतु मिथेनॉल लागताच रेणूंची परस्परांतील जुळणी सुटते. अखंड पेशीत ७५० नॅनोमीटरच्या आसपास असणारे बॅक्टेरिओक्लोरोफिल-सी चे शोषणशिखर ६७० पर्यंत सरकते, म्हणजे साध्या हरितद्रव्याच्या शिखराला जवळजवळ चिकटते. ज्या रचनेचा अभ्यास करावयाचा, ती पहिल्याच पायरीला नष्ट होते आणि शैवाल व जिवाणू ह्यांतील फरकही पुसट होतो. प्रथम अखंड पेशींचे निलंबन ८०० नॅनोमीटरपर्यंत तपासावे व नंतरच अर्क काढावा, हा क्रम प्रात्यक्षिक-पुस्तिकेत येणे आवश्यक आहे. दोन्ही आलेख शेजारी ठेवले असता, ७५० चे जे शिखर अर्कात हरवते तेच क्लोरोझोम होते, हे विद्यार्थ्यास आकृतीशिवाय कळते.