पानगळीची शर्यत

बालवाङ्मयाच्या परीक्षणांत चित्रकथेला जागा द्यावी कीं नाहीं, याविषयीं वाद होऊं शकेल. परंतु आजचीं मुलें गोष्टी ऐकतात त्याहून अधिक पाहतात, हें मान्य केल्यावर त्या गोष्टींची पारख टाळणें आम्हांस उचित वाटत नाहीं. म्हणून 'माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक' या दूरचित्रवाणीवरील मालिकेचा 'फॉल वेदर फ्रेंड्स' हा भाग आम्ही येथें विचारार्थ घेतला आहे. तो अमेरिकेंत २०११ च्या जानेवारींत प्रथम दाखविला गेला. मालिकेमागें हॅस्ब्रो ही खेळणीं विकणारी कंपनी आहे, ही गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं. पण हेतु व्यापाराचा असला म्हणजे कृति टाकाऊच ठरते, असा कांहीं नियम नाहीं.

कथानक साधें आहे. सफरचंदांच्या बागेंत राबणारी ॲपलजॅक आणि पंख असलेली रेनबो डॅश या दोन घोड्या जिवलग मैत्रिणी. नाल फेकण्याच्या खेळांत रेनबो हरते आणि ईर्ष्येस पेटून अनेक खेळांचा सामना मांडते. त्यांत ती पंखांचा उपयोग करून जिंकते. ॲपलजॅक तिच्यावर लबाडीचा आरोप करते. निकाल लावावयाचा तो वार्षिक शर्यतींत, आणि तोही रेनबोचे पंख दोरीनें बांधून, असें ठरतें. या शर्यतीची खुबी अशी कीं, धांवणाऱ्या घोड्यांच्या टापांनीं रानांतील शरदाचीं पानें गळून पडावयाचीं असतात. म्हणजे ही शर्यत मुळांत एक सार्वजनिक काम आहे.

धांवतांना ॲपलजॅक एका दगडाला ठेंचाळते आणि मैत्रिणीनेंच पाय घातला असें धरून चालते. येथपासून दोघींची वाट सुटते. पाडापाडी होते, वाटेची पाटी फिरविली जाते. आणि अखेरीस एकमेकींशीं झोंबत दोघी एकदमच शेवटच्या येतात. दोघींनीं जिची थट्टा केली, ती पुस्तकांत रमणारी ट्वायलाइट मात्र आपल्या बेतानें धांवून पांचवी येते.

दगडाची योजना आम्हांस फार मार्मिक वाटली. वैराला खरें कारण लागतच नाहीं, मनांत संशय तयार असला म्हणजे पुरे, हें एवढ्या लहानशा प्रसंगानें मुलाच्या ध्यानांत येतें. त्याहून सरस आहे तो शेवट. राजकन्या सेलेस्टिया दाखवून देते कीं, या भांडणापायीं बरींच पानें अजून झाडांवरच राहिलीं आहेत. शेवटचा क्रमांक ही दोघींची फजिती. राहिलेलीं पानें ही साऱ्या गांवाची हानि. मग त्या दोघी पुन्हां धांवतात, या वेळीं एकत्र, आणि उरलेलें काम पुरें करतात. सहकार्याचा धडा येथें शब्दांनीं न सांगतां कामानें सिद्ध होतो.

म्हणूनच राजकन्येचा उपदेश आम्हांस जास्त वाटतो. झाडावरचीं पानें जें बोललीं, तेंच ती पुन्हां बोलते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जन्मतः लाभलेले पंख वापरणें ही लबाडी होय काय? आणि समतेसाठीं एकीचे पंख बांधणें हा न्याय होय काय? कथा हा प्रश्न उभा करते आणि उत्तर न देतां पुढें धांवत सुटते. चाणाक्ष मूल तो विचारील, आणि पालकांना उत्तर शोधावें लागेल.

तथापि या उणिवांमुळें कृतीचें मोल फारसें घटत नाहीं. शाळेंतून परतलेल्या मुलाला कितवा आलास, एवढेंच विचारण्याची खोड ज्या घरांत आहे, तेथें हा भाग मुलांबरोबर वडीलधाऱ्यांनींही पाहावा, अशी आमची शिफारस आहे. हातीं घेतलेलें काम पुरें झालें कीं नाहीं, हा प्रश्न आपणहि क्वचितच विचारतों.