फीत दिसते, सभा दिसत नाही

लोकसभेची स्वतंत्र वाहिनी २००६ साली सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढची सुनावणी सप्टेंबर २०२२ पासून घरबसल्या पाहता येऊ लागली. मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातल्या कुक्षीत बसलेल्या माणसाला आज घटनेच्या अन्वयार्थावर चाललेला युक्तिवाद थेट ऐकता येतो. आपल्या नगरपरिषदेत नळाच्या पाण्यावर कोण काय बोलले, हे पाहण्याची मात्र तशी हक्काची सोय त्याला कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम २००५ पासून प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला, आपल्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते मिळू शकतात का, एवढे आपणहून जाहीर करायला सांगते. पण इतिवृत्तात ठराव उरतो, चर्चा उरत नाही. कोण गप्प बसले, कोणाचा प्रश्न अध्यक्षांनी उडवून लावला, हे कागदावर येत नाही. स्थानिक दूरचित्रवाणीचे खरे काम इथे आहे, आणि स्थानिक बातमी दाखवण्याची कला आपल्याकडे नेमकी इथेच कच्ची राहिली.

गावोगावच्या केबलवर बातमीपत्रे नव्वदच्या दशकापासून चालत आली आहेत, त्यामुळे कला नाहीच असे म्हणता येणार नाही. तिचा साचा मात्र ठरून गेला आहे: फीत, नारळ, सत्कार, मग मान्यवरांचा बाईट आणि खाली सरकणारी वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी. पट्टीचे पैसे ज्यांच्याकडून येतात त्यांच्याच कारभाराची बातमी द्यायची असते, त्यामुळे सभेपेक्षा समारंभ सोयीचा ठरतो. समारंभाला सुरुवात आणि शेवट असतो, तो दीड मिनिटात मावतो. सभा मावत नाही. तिच्यात विषयपत्रिका असते, तहकुबी असते, ‘आयत्या वेळचे विषय’ असतात आणि खरी गंमत बहुधा त्या शेवटच्या भागातच असते. तिचे चित्रण करायचे तर अंदाजपत्रक वाचता येणारा वार्ताहर लागतो. असा माणूस घडवण्यावर कोणी खर्च केलेला नाही.

हे कसब या पट्ट्याला परके आहे असेही नाही. शेजारच्या गुजरातेत खेडा जिल्ह्यात इस्रो आणि दूरदर्शन यांनी १९७५ पासून पीज येथून स्थानिक कार्यक्रम दाखवले. शेतमजुरी आणि जातिभेदासारखे अवघड विषय त्यांनी गावकऱ्यांनाच कॅमेऱ्यापुढे आणून हाताळले आणि त्या कामाला १९८४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. कुक्षीला लागून असलेल्या, तेव्हाच्या अखंड झाबुआ जिल्ह्यात इस्रोने १९९६ साली दीडशे गावांत उपग्रहाचे संच बसवले आणि गटाच्या ठिकाणांहून स्टुडिओला उलट प्रश्न विचारण्याची सोय केली. दोन्ही प्रयोगांत प्रेक्षकाला बोलता येत होते. पण कळ अहमदाबादेतल्या संस्थेच्या हाती होती, आणि प्रकल्प म्हटला की तो कधीतरी संपतो. नर्मदेच्या खोऱ्यात कॅमेरे कमी आले असेही नाही. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट १९९५ चा. ऑगस्ट २०१७ मध्ये कुक्षी तहसिलीतल्या चिखल्द्याला धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांसाठी मेधा पाटकरांचे उपोषण चालू असताना देशभरच्या वाहिन्यांचे लक्ष तिकडे होते. उपोषण हा प्रसंग आहे, म्हणून तो दिसतो. विस्थापितांच्या वसाहतीत गटार कधी होणार हा प्रसंग नाही, कार्यालयीन विषय आहे. तो वर्षानुवर्षे बैठकांत फिरतो आणि त्याला कॅमेरा मिळत नाही.

याचे मूळ कायद्यात सापडते. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ठरवले. मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंत यांचा. त्या तत्त्वावर पुढे सामुदायिक नभोवाणी उभी राहिली, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले आणि माण तालुक्यातल्या म्हसवडसारख्या ठिकाणी स्वतःचे केंद्र आले. पण तिला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. दूरचित्रवाणीला तर सामुदायिक असा वर्गच नाही. नागरी स्थानिक संस्थांना प्रसारणात येऊ देऊ नये, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २००८ साली आणि पुन्हा २०१२ साली केली. उरले बडे केबल वितरक. त्यांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम केले: नोंदणीला हजार रुपये, स्थानिक बातम्या द्यायच्या तर नोंदणीकृत कंपनीच हवी, एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांची मर्यादा आणि जिल्ह्यामागे दोन जादा वाहिन्या. धारसारख्या पसरलेल्या जिल्ह्यात त्या दोनांतून कुक्षीच्या वाट्याला काय येणार? ध्वनिचित्रण जपायची सक्ती नव्वद दिवसांची, म्हणजे पुढचे अंदाजपत्रक येईपर्यंत मागच्याची चर्चा पुसून टाकायला मोकळीक. अमेरिकेने १९८४ च्या केबल कायद्यात नगरपालिकांना सार्वजनिक वाहिनी मागण्याचा अधिकार दिला. केबल कंपन्यांच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत आकारता येणाऱ्या शुल्कातून अशा वाहिन्यांना पैसाही मिळू शकतो. आपण तो मधला मार्ग काढलाच नाही.

मोबाइल असताना केबलची रड कशाला, हा पहिला आक्षेप, आणि तो अर्धा खरा आहे. चित्रण आज कोणीही करू शकतो. पण मोबाइलवर येतो तो तुकडा: माइक फेकला, नगरसेवक अंगावर धावून गेले, तेवढाच. सलग तीन तास, दर सभेला, कोणाची मर्जी न पाहता चित्रण करत राहणे हे हौसेने होत नाही. दुसरा आक्षेप असा की हे तीन तास पाहणार कोण? सगळे कोणीच पाहणार नाही. ज्याच्या गल्लीचा विषय आहे तो तेवढी दहा मिनिटे पाहील आणि त्याला तेवढीच हवी आहेत. शिवाय मध्य प्रदेशात २०२२ च्या निवडणुकीत नगरपरिषदांचे अध्यक्ष लोकांनी नव्हे, नगरसेवकांनी निवडले. मग आपला नगरसेवक सभागृहात काय करतो हे पाहण्याचे मतदाराला कारण वाढले. कॅमेरा पाहून नगरसेवक नाटक करतील ही भीती संसदेबाबतही होती. ती अगदीच चुकीची ठरली नाही, तरी संसदेचा कॅमेरा बंद करा असे कोणी म्हणत नाही. खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. मध्य प्रदेशच्या नगरपालिका कायद्यात ‘प्रेसिडेंट इन कौन्सिल’ नावाची अध्यक्षांची छोटी परिषद असते, आणि बरेच निर्णय तिथेच पक्के होऊन सभेपुढे येतात. कॅमेरा सभागृहात ठेवून निर्णयानंतरची औपचारिकताच हाती लागली, तर उपयोग काय? उपयोग एवढाच की, चर्चेविना किती विषय मंजूर झाले, ते मोजता येईल.

राहिला भाषेचा प्रश्न. जुन्या धार संस्थानचे राजघराणे मराठी असले, तरी कुक्षीची भाषा निमाडी आणि भिलाली, आणि ठरावाची भाषा कचेरीतली हिंदी. ‘प्रशासकीय स्वीकृति’ म्हणजे काम मंजूर झाले, सुरू झाले की नुसताच कागद पुढे सरकला, हे आठवडी बाजाराला आलेल्या बाईला तिच्या बोलीत सांगणारा निवेदक या कलेला लागतो. झाबुआ प्रकल्पाचा स्टुडिओ शेती आणि आरोग्याचे विषय गावापर्यंत नेत होता. निविदेची अट भिलालीत कशी सांगायची, हे काम अजून कोणी हाती घेतलेले नाही.