‘तर’ या शब्दाची किंमत

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं होतं की, लॉटरीचे आकडे निवडायची ती ‘व्हीलिंग सिस्टिम’ खरी की थाप? मी ‘थाप’ म्हणून मोकळा झालो. घरी गेल्यावर लक्षात आलं, उत्तर चुकलं. ती थाप नाही. तिच्यातलं गणित अगदी खरं आहे, आणि माणसं फसतात ती त्या खरेपणामुळेच. म्हणून आज जरा सावकाश बघू.

आमच्या जुन्या चाळीतले नाना आता टोरांटोला मुलाकडे असतात. कॅनडात १९८२ पासून लोट्टो ६/४९ नावाची लॉटरी चालते. १ ते ४९ मधले सहा आकडे आपण निवडायचे. (आपल्याकडच्या कागदी तिकिटावर नंबर छापूनच येतो, त्यामुळे हा उद्योग तिथे लागूच होत नाही.) सहा-सहाच्या एकूण जोडण्या होतात १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६. नानांनी नातवंडांचे वाढदिवस, चाळीतल्या खोलीचा नंबर असे दहा आकडे धरलेत. दहातून सहा निवडायच्या रीती २१०. तेवढी सगळी तिकिटं काढली की झालं पूर्ण चक्र. ते परवडत नाही, म्हणून पुस्तकं संक्षिप्त चक्र देतात. त्यात मोजून २० तिकिटं, आणि हमी अशी की, तुमच्या दहांपैकी चार आकडे सोडतीत आले, तर निदान एका तिकिटावर ते चारही एकत्र सापडतील. “अरे, गॅरंटी छापलीये पुस्तकात,” नाना मला फोनवर म्हणाले.

छापलीये, आणि ती पाळलीही जाते. अमेरिकेत गेल हॉवर्ड यांच्यापासून अशा पुस्तकांची एक परंपराच आहे, आणि त्यातले तक्ते मला मनापासून आवडतात. दहा आकड्यांतून चार-चारचे २१० गट पडतात. ते सगळे २० तिकिटांत बसवून दाखवा म्हटलं तर आपल्याला घाम फुटेल. हे संयोजनशास्त्र आहे. मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख राहिलेले शरच्चंद्र श्रीखंडे यांनी १९५९ साली बोस आणि पार्कर यांच्यासोबत ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान मोडलं, ते याच घराण्यातल्या गणितात. तेव्हा तक्त्यांना नावं ठेवू नका.

माझी तक्रार आहे ती ‘तर’ या शब्दाबद्दल. चार आकडे आले तर. पण ते येतात कधी? तुमच्या दहांपैकी चार किंवा जास्त आकडे यायची शक्यता साधारण ८४ सोडतींत एकदा. आठवड्याला दोन सोडती धरा, म्हणजे जवळजवळ दहा महिने. तीन डॉलरला एक तिकीट, एका सोडतीला ६० डॉलर. त्या एका रात्रीची वाट बघण्यात सरासरी ५,०४० डॉलर जातात. हे गणित तक्त्याशेजारी छापायला अर्धी ओळ पुरली असती. मी चाळलेल्या पुस्तकांत ती अर्धी ओळ कुठे दिसली नाही.

आता खरी गंमत. नानांचा एकदा रात्री-अपरात्री फोन आला, “एकदम तीन तिकिटं लागली! चक्र चालतंय!” तीन आकडे जुळले की दहा डॉलर. म्हणजे ६० घालून ३० मिळाले, पण ते सोडा. तीन तिकिटं एकदम का लागली? सगळ्या तिकिटांवर तेच दहा आकडे फिरवून फिरवून लिहिलेत म्हणून. मी हिशेब करून बघितला. नानांची २० तिकिटं शंभर सोडतींत लावली, तर तीन किंवा जास्त आकडे जुळलेली साधारण ३७ तिकिटं निघतील. डोळे मिटून काढलेली कुठलीही २० तिकिटं लावली तरी तितकीच, ३७. फरक एवढाच की, डोळे मिटून काढलेली ३७ तिकिटं सुमारे ३१ रात्रींत विखुरतात, आणि चक्रातली ३७ नऊच रात्रींत गोळा होतात. उरलेल्या ९१ रात्री कोरड्या. (दोन आकड्यांवर मिळणारा फुकटचा खेळ मी धरलेला नाही.) चक्र नशीब वाढवत नाही, ते नशिबाचे ढीग करतं. आणि माणसाच्या लक्षात ढीग राहतो, कोरडी रात्र राहत नाही.

पुस्तकांचा दुसरा भाग, म्हणजे ‘गरम’ आकडे, ‘थंड’ आकडे, बेरीज अमुक टप्प्यात ठेवा वगैरे, त्यावर वेळ घालवत नाही. मटक्याचा चार्ट भिंतीला लावून पेन्सिलीने रेघा मारणारी माणसं आपण पाहिलीत. हा त्यांचाच कोट-टाय घातलेला भाऊ. (हशा) वाईट एवढंच वाटतं की, तक्त्यांची अब्रू या भागाला उसनी मिळते.

आणि ‘तर’ नसलेली हमी असते का? असते. ब्रिटनच्या लॉटरीत आता ५९ आकडे आहेत. मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड कुशिंग आणि डेव्हिड स्टुअर्ट या दोन गणितज्ञांनी २०२३ मध्ये सिद्ध केलं की, नीट निवडलेली २७ तिकिटं काढली की सोडतीत काहीही येवो, एका तिकिटावर किमान दोन आकडे जुळणारच. २६ तिकिटांत ते होत नाही. दोन आकड्यांचं बक्षीस काय, तर पुढच्या सोडतीचं एक फुकट तिकीट. त्यांनी पदरचे ५४ पौंड घालून प्रयोगही केला. तीन तिकिटांवर दोन-दोन आकडे जुळले, तीन फुकट तिकिटं मिळाली, आणि त्या तिन्हींवर काही लागलं नाही. स्वतःच्या सिद्धान्ताची किंमत इतक्या उघडपणे सांगणारी माणसं मला त्या पुस्तकांत हवी होती.

नानांच्या मुलाने मध्यंतरी मला फोन केला. आठवड्याचे १२० डॉलर पेन्शनीतून जातायत, तुम्ही बोला म्हणाला. ‘बंद करा’ म्हणून नाना ऐकणार नाहीत, हे मला माहीत. मी म्हटलं, “नाना, एक वही करा. लागलेलं लिहू नका, न लागलेल्या रात्री तेवढ्या लिहा.” करतो म्हणाले. त्याला आता चार महिने झाले, वहीबद्दल ते काही बोलत नाहीत आणि मीही अजून विचारलेलं नाही. चला, प्रश्न घेऊ.