नहलालची दलदल : आख्यायिका आणि कागद

गांव वसविणारांच्या आठवणी आणि गांव वसल्याचे कागद यांचा मेळ बसत नाहीं, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ त बखरींस जी कसोटी लावली, तीच पॅलेस्टाइनांतील इझ्रेल खोऱ्याच्या नहलाल गांवास लावून पाहण्याजोगी आहे.

पूर्व युरोपांतून आलेल्या ज्यू श्रमिकांनीं ११ सप्टेंबर १९२१ रोजीं हें गांव वसविलें. त्यामागील योजना एलिएझर योफे यांनीं १९१९ त मांडली होती : जमीन राष्ट्रीय निधीची, राबणूक ज्याच्या त्याच्या कुटुंबाची, खरेदी-विक्री सहकारी, आणि अडल्यानडल्यास परस्परांचें साहाय्य. रिचर्ड काउफमन यांनीं आंखलेला गांवाचा नकाशा वर्तुळाकार आहे. मध्यें शाळा व सार्वजनिक इमारती, भोंवतीं घरें, घरांमागून पाचरीसारखीं पसरलेलीं शेतें. कुटुंबें ८०, वांटे सारखे. समतेचा करारनामा येथें जमिनीवरच लिहिला आहे. त्यास निराळी साक्ष नको.

दलदलीची गोष्ट वेगळी. सारें खोरें दलदल होतें व वसाहतवाल्यांनीं तें कोरडें केलें, अशी आख्यायिका रूढ झाली. बार-गल व शमाई या अभ्यासकांनीं १९८३ त ‘कथेद्रा’ त्रैमासिकांत दाखविलें कीं, दलदलीनें खोऱ्याचा थोडाच भाग व्यापला होता. यावर वाद माजला. आमच्या मतें पद्धति त्यांचीच बरोबर. मात्र खोऱ्याचें माप एका गांवास लावतां येत नाहीं. नहलालचा हिंवताप व तेथें खणलेले चर हे खरेच होते.

आख्यायिकेचा खरा दोष अतिशयोक्ति नसून मौन हा आहे. खोऱ्यांतील जमिनी बैरूतच्या सुरसुक घराण्याकडून विकत घेतल्या गेल्या, आणि त्या कसणारीं अरब कुळें होतीं. ‘दलदल’ म्हटलें कीं कुळें दिसेनाशीं होतात! नांव मात्र बोलतें. बायबलांतील यहोशवाच्या ग्रंथांत जबुलून वंशाचें ‘नहलाल’ येतें. जेरुसलेमचा तालमूद त्यास ‘महलूल’ म्हणतो. नहलालांतच वाढलेले मोशे दायान यांनीं १९६९ त उघड सांगितलें कीं, आपलें गांव अरबांच्या महलूलच्या जागीं उभें आहे. वसविणारांच्या पुत्राची ही जबानी आम्हांस पन्नास आठवणींहून मोलाची वाटते.

नहलालचा इतिहास पुढें जो लिहील, त्यानें काउफमनच्या नकाशाशेजारीं खरेदीखतें व कुळांच्या नांवांची यादी छापावी.